मारवाडच्या गावात इतिहासाची बैठक लावायची तर: तयारीपासून नोंदीपर्यंत

जोधपूर, नागौर, बीकानेर, जैसलमेर, बाडमेर या पट्ट्यात काम करणारी मराठी मंडळी कमी नाहीत. कुणी पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेत असतं, कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी दर हिवाळ्यात अभ्याससहली घेऊन येतं. त्यातल्या अनेकांना कधी ना कधी वाटतं, की गावात स्थानिक इतिहासावर एखादा कार्यक्रम ठेवावा. ठेवतात, आणि हमखास एकाच तऱ्हेने फसतात. साफे बांधले जातात, हार होतात, शहरातून आलेला वक्ता तासभर राणा प्रताप आणि पद्मिनी यांच्यावर बोलतो. हे दोन्ही विषय मेवाडचे आणि आपण बसलोय मारवाडात, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. गावची नाडी, म्हणजे तळं, कुणी खोदली हे ज्याला ठाऊक असतं, तो मागे भिंतीला टेकून बसतो आणि न बोलता घरी जातो.

वक्त्याला जे माहीत असतं त्याहून जास्त समोरच्या जाजमावर बसलेलं असतं. ते बाहेर यावं अशी रचना करायची, बाकी सगळं त्याच्या मागून. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. बहुतेक घोटाळे क्रम उलटा झाल्यामुळे होतात: आधी वक्ता ठरतो, मग तारीख, मग विषय आणि सगळ्यात शेवटी गाव.

## १. विषय गावाएवढा करा

‘राजस्थानचा गौरवशाली इतिहास’ हा विषय नव्हे, तो फलक झाला. विषय असा हवा, की गावातल्या वेगवेगळ्या वस्त्यांकडे त्याचं आपापलं उत्तर असेल. चालतील असे काही:

- गावची नाडी आणि तिचा आगोर, म्हणजे जिथून पाणी वाहत येतं ते राखलेलं रान. आगोरात जोडे घालून जायचं नाही, शौचाला बसायचं नाही, हे नियम कुणी घातले आणि मोडणाऱ्याला काय व्हायचं?
- ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. त्याची हद्द कुठून कुठवर होती आणि आज कुठे आहे?
- छपनिया काळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा दुष्काळ. पाहिलेलं आज कुणी नाही, पण घराघरात गोष्ट आहे. खेजडीच्या झाडाची साल दळून खाल्ली, गुरं घेऊन माळव्याकडे कोण गेलं, कोण परतलं नाही.
- जिथे इंदिरा गांधी कालवा पोचला आहे अशा गावांत, कालव्याआधीचं पाणी. कालव्याचं काम १९५८ साली सुरू झालं आणि पाणी शेवटच्या टोकांपर्यंत पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. त्यामुळे आठवणारी माणसं अजून आहेत.

पहिल्याच बैठकीला युद्ध, राजघराणं किंवा एखाद्या समाजाचं मूळ हे विषय घेऊ नका. वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यावर बोलायला दोनच माणसं उठतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. पाण्यावर मात्र सगळे बोलतात, बायका सर्वांत जास्त, कारण घागर त्यांच्याच डोक्यावर होती.

तपासा: विषय एका वाक्यात सांगितल्यावर समोरचा लगेच काहीतरी सांगू लागतो का? नुसती मान डोलावत असेल तर विषय बदला.

## २. तारीख: पंचांगाचा घोळ आधी सोडवा

मराठी माणूस इथे नेमका अडकतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोन्हीकडे एकच असतो, पण कृष्ण पक्षाला महिन्याचं नाव बदलतं. गावकरी ‘भादवा बदी आठम’ (भाद्रपद वद्य अष्टमी) म्हणतात तेव्हा ती आपली श्रावण वद्य अष्टमी असते, म्हणजे जन्माष्टमी. हे ध्यानात न घेता तिथीवर कार्यक्रम ठरवला की महिन्याची चूक होते. तिथी ऐकली तरी इंग्रजी तारीख तिथल्या तिथे बोलून पक्की करा.

जुन्या नोंदींसाठीही हे लागेल. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून चैत्रात नवं वर्ष लागेपर्यंतच्या तिथींना ५६ वजा करा. शिवाय मारवाडच्या दरबारी बह्यांमध्ये, म्हणजे नोंदवह्यांमध्ये, वर्ष श्रावणात बदलत असे. त्यामुळे तिथल्या चैत्र ते आषाढ या नोंदींनाही ५६ च लागतात. शके वापरायची सवय असलेल्यांनी या बेरीज-वजाबाक्या मनात करू नयेत, कागदावर कराव्यात.

आता ऋतू. उन्हाळ्यात दिवसा प्रश्नच नाही. भादव्याच्या शुक्ल पक्षात अर्धं गाव रामदेवजींच्या यात्रेला, रामदेवऱ्याच्या वाटेवर असतं. देवउठनी (आपल्या कार्तिकी) एकादशीनंतर लग्नं सुरू होतात, आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुन्हा तेच. फेब्रुवारीच्या शेवटापासून जिरं आणि इसबगोल काढणीला येतं. माझ्या मते सर्वांत चांगला काळ डिसेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंतचा. मलमास असतो (अधिक महिना नव्हे, सूर्य धनू राशीत असतो तो काळ), मुहूर्त नसतात, लग्नं नसतात, माणसं गावात सापडतात. थंडी कडक असते, म्हणून वेळ दुपारी एक ते साडेतीन ठेवा. संध्याकाळ नको. गाई-बकऱ्यांचं दूध काढायची वेळ झाली की बायका उठणार, आणि त्यांनी उठायलाच हवं.

## ३. कार्यक्रमाआधी गावात जा, निदान दोनदा

पहिल्या फेरीत सरपंचांना भेटा. कळवणं गरजेचं आहे. पण यादी त्यांच्याकडून घेऊ नका. ती घेतलीत की कार्यक्रम त्यांच्या गटाचा होतो. मारवाडची गावं विखुरलेली असतात. मुख्य वस्तीपासून कोस कोसभर लांब ढाण्या, म्हणजे शेतातल्या सुट्या वस्त्या, आणि मुख्य वस्तीतही समाजासमाजाचे वेगळे बास, म्हणजे मोहल्ले. प्रत्येक बासात आणि जमेल तितक्या ढाण्यांवर स्वतः जाऊन यायचं. आमंत्रणपत्रिका इथे चालत नाही, चहा चालतो.

कुणाला शोधायचं? गुराख्याला, कारण ओरणाची हद्द तो पावलांनी सांगतो. परगावाहून सून म्हणून आलेल्या म्हातारीला. तिने दोन गावं पाहिलेली असतात, त्यामुळे इथलं काय वेगळं ते तिलाच दिसतं. वंशावळीची बही सांभाळणाऱ्या रावांना किंवा भाटांना. ते दुसऱ्या गावी राहत असतील तर फोन करून येण्याचा दिवस विचारा. आणि टाकं बांधणाऱ्या गवंड्याला. हा माणूस नेहमी राहून जातो.

बोलण्याबद्दल थोडं. सिनेमात पाहिलेलं ‘खम्मा घणी’ सरसकट वापरू नका, ते राजपुती दरबारी वळणाचं आहे. ‘राम राम सा’ कुठेही चालतं. बिश्नोईंच्या घरी ‘निवण प्रणाम’. वडीलधाऱ्यांना ‘बासा’ किंवा ‘काकोसा’. तुम्ही हिंदीत बोललात तरी कुणाला वावगं वाटत नाही, पण उत्तर मारवाडीत येऊ द्या. हिंदीत सांगायला लागला की बोलणारा निम्म्या गोष्टी गाळतो. ऐकून समजावणारं गावातलंच एक तरुण पोर सोबत ठेवा.

सावधान: काही घरांत पाहुण्याला अफूची मनवार होते, म्हणजे आग्रहाने अफू दिली जाते. हात जोडून नम्रपणे नकार द्या, नकार चालतो. कार्यक्रमात ‘परंपरा’ म्हणून ते कधीच दाखवू नका आणि त्याचे फोटो काढू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि अडकतात गावकरी.

सावधान: सीमेलगतच्या जिल्ह्यांत काही भाग अधिसूचित आहेत, तिथे बाहेरच्यांना आधी परवानगी घ्यावी लागते. तारीख पक्की करण्याआधी उपखंड कार्यालयात विचारा. ड्रोनचा विचार सोडून द्या.

## ४. तीन वह्या ठेवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि नेमका हाच लोक गाळतात. तीन वेगळ्या वह्या करा: वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं. एकीतलं दुसरीत जाऊ देऊ नका.

वाचलेलं. जोधपूर राज्यातल्या गावांसाठी पहिली धाव मुहणोत नैणसीच्या परगण्यांच्या विगतीकडे घ्या. नैणसी हा सतराव्या शतकात महाराजा जसवंतसिंहांचा दिवाण. त्याने गावागणिक वसुली, वस्ती आणि विहिरी-तळ्यांच्या नोंदी करवून घेतल्या. ग्रंथ छापलेला आहे. पण त्यात जोधपूर, सोजत, जैतारण, फलोदी, मेडता, सिवाणा आणि पोकरण एवढेच परगणे आहेत. तुमचं गाव जैसलमेर किंवा बीकानेर राज्यातलं असेल तर त्यात शोधण्यात दिवस घालवू नका. पुढची पायरी बीकानेरचं राज्य अभिलेखागार. तिथे जुन्या संस्थानांच्या बह्या आहेत. जाण्याआधी संस्थान, परगणा आणि गावाचं जुनं नाव एवढं तरी हातात असू द्या, नाहीतर कर्मचारी तुम्हाला मदत करू शकत नाहीत.

मोडी वाचता येणाऱ्यांना वाटतं, इथली महाजनी मुडिया लिपीही जमेल. जमत नाही. ती वेगळी लिपी आहे, मात्रा गाळून लिहिलेली, आणि तिच्यात अंदाजाने वाचलेलं एक नाव सगळा कार्यक्रम बुडवू शकतं. जाणकाराला पैसे देऊन वाचून घ्या.

ऐकलेलं. कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं होतं आणि कधीची गोष्ट, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीखाली हव्यात. एकाच घटनेची दोन रूपं मिळाली तर दोन्ही उतरवा. त्यांची सरासरी काढू नका.

पाहिलेलं. नाडीच्या काठावर बहुधा एखादी देवळी किंवा पाळिया (स्मारकशिळा), नाहीतर कोरीव खांब असतो. त्यावर खडू, पीठ किंवा हळद चोळून अक्षरं काढायची जुनी खोड आहे, ती सोडा. दगड झिजतो, आणि अनेक देवळ्या पूजेत असतात. शेंदूर तर मुळीच खरवडू नका. सकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा जा, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरा. समोरून सपाट दिसणारा दगड बाजूच्या उजेडात एकदम बोलू लागतो: आधी घोड्याचे पाय, मग स्वाराचा भाला, मग खाली ‘संवत’ आणि पहिले दोन आकडे. उरलेले दोन बहुधा भांडायला लावतात. तेव्हा ‘आकडा स्पष्ट नाही’ असंच लिहा.

या तीन वह्यांचा उपयोग कसा होतो, ते कुलधऱ्यावरून पाहा. जैसलमेरजवळचं हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. दिवाण सालमसिंहाच्या जाचामुळे चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, ही गोष्ट ऐकलेल्या वहीत जाते. लोक टप्प्याटप्प्याने गेले असावेत, पाणी आटणं आणि करांचा बोजा ही कारणं असावीत, हे संशोधकांचं म्हणणं वाचलेल्या वहीत. घरांच्या रांगा आणि आसपासचे खडीन, म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी जिरवलेली शेतं, पाहिलेल्या वहीत. तिन्ही एकाच दमात सांगितलं की ऐकणारा गोंधळतो. वेगवेगळं सांगितलं की तोच विचारू लागतो: एवढे खडीन बांधणारी माणसं सहज कशी उठतील?

बोलताना वाक्याची सुरुवातच तशी करा: ‘बहीत असं आहे’, ‘काकोसा असं सांगतात’, ‘दगडावर एवढंच दिसतं’. हे तीन शब्दप्रयोग पाठ करा.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक विधानापुढे वा, ऐ किंवा पा लिहिलेलं आहे? ज्याच्यापुढे काहीच लिहिता आलं नाही, ते खोडा.

## ५. जागा आणि बसणं

देवळाचं अंगण सुंदर असतं, कोटडीची, म्हणजे ठाकुरांच्या बैठकीची, ओसरी त्याहून. पण दोन्हीकडे काही लोक येणार नाहीत, आणि का येत नाहीत ते तुम्हाला कुणी सांगणारही नाही. शाळेचं पटांगण किंवा पंचायतीची इमारत बरी. बीकानेर शहरात असाल तर गोष्ट वेगळी. तिथे जुन्या मोहल्ल्यांच्या चौकांत मोठमोठे लाकडी पाटे असतात आणि रात्री त्यांवर बैठका आपसूक भरतात. तिथे नवं काही उभारू नका, पाट्यावरच्या ज्येष्ठांना विचारून त्यांच्याच बैठकीत विषय मांडा.

खुर्च्या आणि खाटा नकोत. खाटेवर कुणी बसावं आणि कुणाच्या समोर बसू नये, याचे न लिहिलेले नियम अजून जिवंत आहेत. सगळ्यांना एकच जाजम, वक्त्यालाही. पाणी वाटायला माणूस ठेवू नका. नळ आणि पेले ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. बायकांना पुरुषांच्या मागे नव्हे, एका बाजूला बसवा, म्हणजे घूंघटातूनही त्यांना बोलणारा दिसतो. तरीही त्या फारशा बोलणार नाहीत. म्हणून आदल्या दिवशी एखाद्या अंगणात फक्त बायकांची बैठक घ्या, ती त्यांच्यापैकीच एखादीने चालवावी, आणि तिथलं काय सांगायचं, कुणाच्या नावाने सांगायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.

प्रोजेक्टर दुपारी दिसत नाही. फोटो मोठे छापून न्या, हातोहात फिरतात. माइकला फोमची टोपी हवीच, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याशिवाय काही उरत नाही. ध्वनिवर्धकाची परवानगी उपखंड कार्यालयातून आधीच काढा; रात्री दहानंतर तो बंद.

## ६. गायक किंवा भोपा बोलवणार असाल तर

कार्यक्रम रंगावा म्हणून मध्ये एखादं गाणं, हा हिशेब चुकीचा. मांगणियार आणि लंगा हे पिढीजात गायक. त्यांच्या यजमान घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आणि प्रसंग त्यांच्या गाण्यांत असतात. म्हणजे तेही तुमचे वक्तेच. ‘केसरिया बालम’ची फर्माईश करून त्यांना हॉटेलातल्या कार्यक्रमात ढकलू नका. विचारा, या गावात तुमचे यजमान कोण, आणि त्यांच्या घरच्या जन्माला काय गाता. मानधन आधी ठरवा, कार्यक्रम संपताच द्या. कौतुकाने लोक देतील त्या नोटा वेगळ्या.

कमायचा या गजाने वाजवायच्या वाद्याला वेळ द्या. त्याच्या पोटावर बकऱ्याचं चामडं ताणलेलं असतं आणि मुख्य तारा आतड्याच्या. सावलीतून उन्हात आणला की सूर हलतो. वादक खुंटी पिळतो, गज फिरवतो, कान जवळ नेतो, पुन्हा पिळतो. या वेळी ‘चला, सुरू करा’ म्हणणारा संयोजक मी पाहिला आहे. पुढचं अख्खं गाणं वादकाने त्याच्याकडे पाठ करून वाजवलं.

पाबूजींची फड, म्हणजे लोकदेव पाबूजींची कथा चितारलेला कापडी पट, ही चित्रांची पार्श्वभूमी नव्हे. ती भोप्यांसाठी, म्हणजे ती कथा गाणाऱ्या पुजाऱ्यांसाठी, चालतं-फिरतं देऊळ आहे. वाचन रात्री होतं, रावणहत्था या तंतुवाद्यावर होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दुपारच्या बैठकीत मागे टांगायला मागू नका. फडीवर बोलायचं असेल तर रात्र वेगळी ठेवा, धूप-दिव्याची व्यवस्था भोपा सांगेल तशी करा, आणि ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू जाईल एवढीच माणसं बोलवा.

## ७. दिवसाचा क्रम

१. नमनाला घडाभर तेल नको. साफा आणि हार फक्त गावातल्या सर्वांत वडील दोन-तीन माणसांना, कोणत्याही दोन बासांतल्या. सरपंचांच्या हस्ते घाला, म्हणजे तेही राजी.
२. वक्ता पंधरा-वीस मिनिटं. वाचलेल्या वहीतलं तेवढं सांगून तो प्रश्नावर थांबतो. ‘विगतीत या गावात दोन विहिरी लिहिल्यात, दुसरी कुठे?’ असा नेमका प्रश्न हवा. ‘कुणाला काही सांगायचं आहे का?’ असं विचारलं तर शांतता.
३. आधी ठरवलेला एक वडीलधारा उत्तर देतो. तो बोलला की इतरांना दुरुस्ती करायचा मोह आवरत नाही. हाच कार्यक्रमाचा गाभा. याला तास द्या.
४. जमलं तर सगळे उठून नाडीवर किंवा विहिरीवर. जागेवर गेल्यावर गप्प बसलेली माणसंही बोलतात, विशेषतः मुलं.
५. परत येऊन गूळ-चहा. आभार दोन वाक्यांत.

तपासा: एकूण वेळेत वक्त्याचा वाटा चौथाईपेक्षा जास्त होतोय? त्याच्यासमोर घड्याळ ठेवा.

## ८. वाद पेटला तर

पेटणारच. ओरणाची हद्द निघाली की आजचं अतिक्रमण निघतं. मध्ये पडून निवाडा देऊ नका. दोन्ही म्हणणी मोठ्याने पुन्हा सांगा, ‘दोन्ही लिहून घेतली’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नावर जा. श्रद्धेच्या जागी आकड्यांची चिरफाडही नको. खेजडलीत १७३० साली झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, ही त्या समाजाची जिवंत स्मृती आहे आणि दर भादव्यात तिथे मेळा भरतो. संशोधनाच्या शंका तुमच्या वहीत राहू द्या.

नागौर किंवा मेडत्याकडे कार्यक्रम असेल तर मराठी माणसासाठी एक खास सूचना. १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात ताऊसर इथे जयाप्पा शिंदे मारले गेले, त्यांची छत्री तिथे आहे. १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेने राठोडांना हरवलं. आपण हे पराक्रम म्हणून वाचलेलं असतं. इथे त्याच काळाची आठवण खंडणीची आणि उजाड गावांची आहे. तुम्ही मराठी आहात हे समजलं की कुणीतरी टोमणा मारणारच. समर्थन किंवा माफी, दोन्हींची गरज नाही. आधी त्यांच्याकडची गोष्ट पूर्ण ऐका, मग मराठी पत्रांत काय आहे ते ‘ही एका बाजूची पत्रं’ असं सांगून वाचून दाखवा. अशा वेळी बैठक फार चांगली होते.

## ९. नंतरचं काम

- आठवड्याच्या आत नोंदी हिंदीत टंकून घ्या, मारवाडी वाक्यं जशीच्या तशी ठेवून. ज्याने जे सांगितलं ते त्याला वाचून दाखवा. तो ‘हे काढा’ म्हणाला तर काढा.
- विहिरींची ठिकाणं, घरांतल्या जुन्या मूर्ती आणि दागिने, देवळ्यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. चोऱ्या होतात.
- छापील प्रत शाळेत एक, पंचायतीत एक, आणि प्रत्येक बासात एका घरी एक. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर शाळेच्या गुरुजींकडे.
- भाटाच्या बहीचे फोटो काढले असतील तर ते त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही देऊ नका. ती बही त्याची रोजीरोटी आहे.
- पुढच्या बैठकीचा विषय तुम्ही सुचवू नका. प्रत देताना विचारा. बहुधा उंबऱ्यावरच सांगतात.